बीपी सकाळी १४४ आणि दुपारी १२६ येतं, मशीन बिघडलंय का?

बहुधा नाही, एकाच दिवसात वरच्या आकड्यात इतका फरक पडणं नेहमीचं आहे. रक्तदाब झोपेत उतरतो आणि जाग आल्यावर चढतो. चहा, तंबाखू, जिना चढून येणं, तुंबलेली लघवी, मोजताना बोलणं, एवढ्यानेही आकडा वर जातो. कफ, म्हणजे मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त दिसतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मशीन घेताना दंडाचा घेर मोजून घ्याच.

घरी मोजण्याची युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनची पद्धत साधारण अशी:

- आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको
- पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. कफ उघड्या दंडावर, हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला
- सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा
- ७ दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा

ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्या आकड्यावरून गोळी स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका. मात्र आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.