गोठ्यातली वीण आणि घरातले बाळंतपण

प्रश्न : आमची गाय रात्री कोणी नसताना विते, बॅटरी घेऊन कोणी जवळ गेले, तर ती उठून उभी राहते आणि तिच्या कळा मंदावतात. सुनेला आठवा महिना लागला आहे. बाईचे बाळंतपण इतके सहज का होत नाही? – एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम मंदावू शकते. म्हणून सुनेलाही मंद उजेड, ओळखीचा आवाज आणि पाठीवर हात ठेवणारे माणूस हवे, आणि प्रसूतिगृहात सोबत कोणाला राहू देतात, हे आजच विचारून ठेवावे.

एकांताची तुलना मात्र पुढे नेऊ नये. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक बहुधा सरळ बाहेर येते; माणूस दोन पायांवर चालू लागल्याने कटीची हाडे बदलली, बाळाचे डोके मोठे, त्यामुळे त्याला वाटेत वळावे लागते आणि ते बहुधा आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते, म्हणजे आईला स्वतः त्याला नीट धरताही येत नाही. गाईची वार 12 तास पडली नाही, तर आपण पशुवैद्यकांना बोलावतो. बाईची वार अर्ध्या तासात पडली नाही किंवा रक्तस्राव थांबला नाही, तर जिवाला धोका असतो. अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता 108 ला फोन करावा.