उमेदवार ठरतो दक्षिणेत: डेमोक्रॅटिक प्रायमरी आणि कृष्णवर्णीय मतदार

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. या मतदानातून उमेदवारांना प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, मिळतात. ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, त्याला अधिवेशनात उमेदवारी मिळते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत कृष्णवर्णीय मतदारांचं वजन इतकं का, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जेमतेम 13-14 टक्के आहेत. मग उमेदवार तेच ठरवतात असं कशाच्या आधारावर म्हणायचं? (सातारा)

हिशोब देशाच्या लोकसंख्येचा करायचा नाही, पक्षाच्या मतदारांचा करायचा. देशभरातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी ढोबळमानाने पाचवा ते चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असतो. दक्षिणेत हे प्रमाण फार वर जातं. साउथ कॅरोलायनात मतदानोत्तर चाचण्यांनुसार 2008 मध्ये 55 टक्के, 2016 मध्ये 61 टक्के आणि 2020 मध्ये 56 टक्के मतदार कृष्णवर्णीय होते.

पण नुसत्या टक्क्यांनी उमेदवारी ठरत नाही. गोऱ्या डेमोक्रॅट मतदारांची मतं चार-पाच उमेदवारांत विखुरतात. कृष्णवर्णीय मतं, विशेषतः चाळिशीपुढच्यांची, बहुतेक वेळा एका उमेदवाराच्या मागे एकवटतात. 2016 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या 86 टक्के कृष्णवर्णीय मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना मत दिलं. 2008 मध्ये 78 टक्क्यांनी ओबामांना दिलं होतं. 1992 पासून आजवर कृष्णवर्णीयांची बहुसंख्य मतं न मिळवता लढतीच्या प्रायमरीतून कुणीही डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवलेली नाही. त्याआधी 1988 मध्ये मात्र ही मतं नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांच्याकडे गेली होती आणि उमेदवारी मायकेल डुकाकिस यांना मिळाली होती.

प्रश्न: प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होते असं वाचलं. मग एका गटाची मतं जास्त मोलाची कशी ठरतील? मत तर मतच. (पुणे)

खरी मेख इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राज्याच्या वाट्याला येणाऱ्या मूळ प्रतिनिधींपैकी तीन चतुर्थांश प्रतिनिधी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघांनुसार निवडले जातात, उरलेले राज्यभरच्या निकालावर. मतदारसंघांना प्रतिनिधी सारखे मिळत नाहीत. मागच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटिक पक्षाला जास्त मतं पडली, तिथे जास्त प्रतिनिधी. दक्षिणेत अशी मतं कुठे पडतात? बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीच्या मतदारसंघांत.

आता कागद-पेन्सिल घ्या. एका मतदारसंघात 4 प्रतिनिधी आहेत आणि दोन उमेदवारांना 60-40 टक्के मतं पडली. 4 चे 60 टक्के म्हणजे 2.4 आणि 40 टक्के म्हणजे 1.6. आधी पूर्णांक द्यायचे: 2 आणि 1. उरलेला एक प्रतिनिधी ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. इथे 0.4 आणि 0.6, म्हणजे तो हरलेल्या उमेदवाराला जातो. निकाल 2-2. वीस टक्क्यांनी जिंकूनही आघाडी शून्य! चारच्या मतदारसंघात 3-1 करायचं तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं.

शेजारचा कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ घ्या. तिथे 8 प्रतिनिधी आहेत आणि मतं 80-20 पडली. 6.4 आणि 1.6, पूर्णांक 6 आणि 1, उरलेला एक 0.6 वाल्याला. निकाल 6-2, म्हणजे निव्वळ आघाडी चारची. पहिल्यासारखे तीन मतदारसंघ 60-40 ने जिंकून जे हाती लागलं नाही, ते या एकाच मतदारसंघात लागलं.

यात 15 टक्क्यांचा उंबरठाही आहे. मतदारसंघात ज्याला 15 टक्क्यांपेक्षा कमी मतं, त्याला त्या मतदारसंघातला एकही प्रतिनिधी नाही. त्याची मतं वजा करून उरलेल्यांत वाटणी होते. राज्यभरच्या प्रतिनिधींनाही हाच नियम. म्हणून अनेक उमेदवार रिंगणात असताना एकगठ्ठा मतं मिळवणाऱ्याचा फायदा आणखी वाढतो.

प्रत्यक्षातलं उदाहरण 8 मार्च 2016 चं. त्या दिवशी मिशिगनमध्ये हिलरी क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स अनपेक्षितपणे जिंकले आणि सगळ्या बातम्यांत तेच झळकले. पण फरक दीड टक्क्याच्या आत होता, त्यामुळे प्रतिनिधी वाटले गेले 67-63. त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटन यांना 82 टक्क्यांहून अधिक मतं पडली. तिथले प्रतिनिधी 31-5. सँडर्स मोठ्या राज्यात चारने पुढे, क्लिंटन छोट्या राज्यात सव्वीसने. ज्याने फक्त मथळे वाचले त्याला त्या रात्री कोण जिंकलं ते कळलंच नसेल.

प्रमाणशीर वाटणीच्या या नियमामागे जेसी जॅक्सन यांचा मोठा वाटा आहे. 1984 मध्ये त्यांना प्रायमरीतली सुमारे 18 टक्के मतं मिळाली, पण प्रतिनिधी त्या मानाने खूपच कमी. तेव्हापासून त्यांनी प्रमाणशीर वाटणीचा आग्रह धरला. 1988 च्या लढतीनंतर पक्षाने तो मान्य केला आणि 1992 पासून नियम सगळीकडे लागू झाला. 2008 मध्ये ओबामांच्या चमूने मतदारसंघ न् मतदारसंघ हेरून याच नियमाचा उपयोग केला. टेक्ससमध्ये प्रायमरीची मतं क्लिंटन यांना जास्त पडली, तरी प्रायमरी आणि कॉकस (पक्षाच्या सभांतून होणारी निवड) मिळून प्रतिनिधी ओबामांचे जास्त झाले. तिथे वाटणी राज्याच्या विधिमंडळातल्या सिनेटच्या मतदारसंघांनुसार होते, आणि ह्यूस्टनमधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मतदारसंघाला हिस्पॅनिक वस्तीच्या सीमाभागातल्या मतदारसंघांपेक्षा जास्त प्रतिनिधी होते.

प्रश्न: 2020 मध्ये बायडन संपल्यात जमा होते. एका राज्याने चित्र कसं पालटलं? (नागपूर)

आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, नेवाडात दुसरे. यातली पहिली दोन राज्यं नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी आहेत, हे ध्यानात ठेवा. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडन यांना 48.6 टक्के मतं पडली आणि सँडर्स यांना 19.8. प्रतिनिधी 39-15. तिसऱ्या क्रमांकावरचे टॉम स्टेयर यांनी जाहिरातींवर प्रचंड पैसा ओतला होता. त्यांना 11 टक्के मिळाले, उंबरठा ओलांडता आला नाही, प्रतिनिधी शून्य. ते त्याच रात्री रिंगणाबाहेर पडले.

मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. त्यामागची गोष्ट त्यांनीच सांगितली आहे. जुन्या हिशोबनिसांच्या अंत्यविधीला ते चर्चमध्ये गेले होते. पुढच्या बाकावरच्या एका वयस्क बाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्ही मत कुणाला देणार? क्लायबर्न यांनी वाकून कानात नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, हे मला ऐकायचं होतं, आणि इथल्या लोकांनीही ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं. मतदानोत्तर चाचणीत जवळपास निम्म्या मतदारांनी क्लायबर्न यांचा पाठिंबा आपल्या निर्णयात महत्त्वाचा होता असं सांगितलं.

पुढचे तीन दिवस महत्त्वाचे. 1 मार्चला बुटिजेज आणि 2 मार्चला क्लोबुशार या प्रतिस्पर्धी उमेदवारांनी माघार घेतली आणि दोघांनीही बायडन यांना पाठिंबा दिला. 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, बायडन यांनी 14 पैकी 10 राज्यं जिंकली. त्यात अलाबामा, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, टेनेसी, आर्कान्सा ही दक्षिणेतली राज्यं होती. साउथ कॅरोलायनाचा निकाल म्हणजे पुढच्या दक्षिणी राज्यांत काय होणार याची आगाऊ खूण, म्हणून तिथल्या धक्क्याने बाकीचे उमेदवार एवढ्या झपाट्याने गळाले.

प्रश्न: ही आपल्याकडच्यासारखी व्होट बँकच नाही का? जातीसारखा वर्ण बघून मत द्यायचं. (कोल्हापूर)

नाही. नोंदी तपासा. 2020 च्या लढतीत कमला हॅरिस आणि कोरी बुकर हे दोन कृष्णवर्णीय सिनेटर होते. हॅरिस डिसेंबर 2019 मध्ये बाहेर पडल्या, बुकर जानेवारीत. कृष्णवर्णीय मतदारांचा कल तेव्हाही बायडन यांच्याकडे होता. 2007 मध्येही ओबामा रिंगणात असूनही बराच काळ त्यांच्यापैकी अनेकांचा कौल क्लिंटन यांना होता. 3 जानेवारी 2008 ला जवळपास पूर्ण गोऱ्या आयोवात ओबामा जिंकले, तेव्हा हा माणूस निवडून येऊ शकतो याची खात्री पटली आणि मतं फिरली. नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुइस यांनीही क्लिंटन यांचा पाठिंबा काढून फेब्रुवारीत ओबामांना दिला.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात, त्यामुळे तिथे त्यांना गृहीत धरलं जातं. प्रायमरीत तसं करता येत नाही. ज्यांना चुकीच्या सरकारची किंमत सर्वांत आधी मोजावी लागते, ते उमेदवार जिंकण्याजोगा आहे का आणि आपल्याला ओळखतो का, हे पारखून घेतात. मोबदलाही मागतात: 25 फेब्रुवारी 2020 च्या चार्ल्सटनमधल्या वादचर्चेत बायडन यांनी सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय महिला नेमण्याचं वचन दिलं, आणि 2022 मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांची नेमणूक झाली.

एकगठ्ठा हा शब्दही जपून वापरावा. तरुण कृष्णवर्णीय मतदार 2016 आणि 2020 मध्ये वडीलधाऱ्यांपेक्षा सँडर्स यांच्याकडे बरेच जास्त झुकले होते. पण प्रायमरीला रांगेत उभे राहतात ते प्रामुख्याने वयस्क मतदार, आणि त्यातही महिला.

प्रश्न: उमेदवार इथे नेमके कुठे चुकतात? (ठाणे)

उशिरा येतात. चर्च, कृष्णवर्णीय महाविद्यालयं, तिथल्या विद्यार्थिनींच्या जुन्या भगिनी-संघटना, स्थानिक रेडिओ: ही जाळी वर्षानुवर्षांच्या ओळखीवर चालतात. मतदानाआधीच्या रविवारी चर्चमध्ये हजेरी लावून ती हाती येत नाहीत.

दुसरी चूक, पैशाने ही उणीव भरता येईल असं समजणं. मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 मध्ये पहिली चार राज्यं सोडून थेट सुपर ट्यूजडेवर कोट्यवधी डॉलर लावले. न्यूयॉर्कचे महापौर असताना पोलिसांनी रस्त्यात अडवून झडत्या घेण्याचं जे धोरण राबवलं, त्याचा सर्वाधिक जाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांना झाला होता. त्याबद्दलची माफी त्यांनी उमेदवारी जाहीर करण्याच्या तोंडावर मागितली. जिंकता आला तो फक्त अमेरिकन सामोआ, प्रशांत महासागरातला छोटासा अमेरिकी प्रदेश.

प्रश्न: हे मतदार पूर्वी लिंकन यांच्या पक्षाचे होते ना? (रत्नागिरी)

होते, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे. 1930 च्या दशकात रूझवेल्ट यांच्या काळात ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले, आणि 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर जवळजवळ पूर्ण वळले. पण प्रायमरीच्या संदर्भात सांगण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं, म्हणजे प्रायमरी हीच खरी निवडणूक. आणि नेमकी तीच फक्त गोऱ्यांसाठी राखीव होती. 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यावर साउथ कॅरोलायनाने विशेष अधिवेशन बोलावून प्रायमरीसंबंधीचे सगळे कायदे रद्द केले. पक्ष हा खासगी क्लब, त्याने कुणाला घ्यावं हे सरकार सांगणार नाही, असा युक्तिवाद. चार्ल्सटनचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी 1947 मध्ये तो फेटाळला, आणि 1948 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतं टाकली. त्याच राज्याला पक्षाने 2024 च्या वेळापत्रकात पहिला मान दिला. मतदान 3 फेब्रुवारीला झालं.

प्रश्न: मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार आपल्या बेळगावचे. त्यांचा मतदारसंघ कृष्णवर्णीयबहुल आहे, मग ते कसे निवडून आले? (बेळगाव)

ही प्रायमरी अध्यक्षपदाची नव्हे, काँग्रेसची. पण गणित शिकण्यासारखं आहे. 2022 मध्ये मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ उमेदवार होते. बरेचसे कृष्णवर्णीय होते आणि मतं फुटली. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. ठाणेदार सुमारे 28 टक्क्यांवर जिंकले. त्यांनी स्वतःचा पैसा ओतला होता, आणि 2018 च्या गव्हर्नरपदाच्या लढतीपासून डेट्रॉइटमध्ये त्यांचं नाव पोचलं होतं. 1955 पासून प्रथमच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, याची खंत तिथे आजही बोलली जाते आणि ती रास्त आहे. 2024 मध्ये मात्र ठाणेदार यांनी निम्म्याहून अधिक मतं घेऊन प्रायमरी जिंकली.

प्रश्न: शार्लटमध्ये राहतो. नुकतंच नागरिकत्व मिळालं. प्रायमरीत मत देण्यासाठी काय करावं? (नॉर्थ कॅरोलायना)

आधी मतदार नोंदणी करा. नेहमीची मुदत मतदानाच्या 25 दिवस आधी संपते. ती चुकली तर आगाऊ मतदानाच्या काळात केंद्रावरच नोंदणी करून त्याच वेळी मत देता येतं, मात्र पत्त्याचा पुरावा लागतो. नोंदणी करताना पक्ष विचारतात. कोणताही पक्ष न निवडता 'अनअफिलिएटेड' राहिलात, तर प्रायमरीच्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. रिपब्लिकन म्हणून नोंदलात तर डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळणार नाही, आणि नोंदणीची नेहमीची मुदत संपल्यावर पक्ष बदलता येत नाही. अनेकांची गाडी इथेच अडते. फोटो ओळखपत्र सक्तीचं आहे. तिथला वाहनपरवाना किंवा अमेरिकी पासपोर्ट चालतो. अध्यक्षपदाच्या वर्षात तुमची प्रायमरी मार्चच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. घरात कुणी अजून ग्रीन कार्डवर असेल, तर त्यांनी चुकूनही नोंदणीचा अर्ज भरू नये. नागरिक नसताना नोंदणी केल्यास पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाच बाधा येते.