हेडसेट बघून कॉलेज निवडू नको गं

देवगडहून लिहिलंयस, नीटची परीक्षा दिलीय, डॉक्टर व्हायचंय पण बॉडी कापायच्या विचारानेच पोटात गोळा येतो, आणि एका प्रायव्हेट कॉलेजच्या माहितीपत्रात व्हीआर लॅब (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी शरीर बघायची) बघून बाबांच्या मागे लागलीयस की इथेच घ्या, डिसेक्शनची कटकट नाही.

ती कटकट टळत नाही बाई, एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षाला डिसेक्शन हॉल असतोच.

व्हीआर भारी असतं, खोटं कशाला बोलू. मी एकदा लावून बघितलं, समोर हृदय तरंगत होतं, बटण दाबून भिंत बाजूला केली नि आतला व्हॉल्व्ह दिसला, अजून नीट बघायला वाकलो तर गुडघा टेबलावर आपटला. दहा मिनिटांत मालवणातनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत होतं तसं मळमळायला लागलं, ते वेगळंच. पण कुठली रचना कुठल्याच्या मागे आहे हे डोक्यात बसवायला, तेही हवं तितक्या वेळा, याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

पण सॉफ्टवेअरमधला देह बहुतेकदा एकच, रोज तोच. दंडातली ब्रेकियल आर्टरी, म्हणजे हाताला रक्त नेणारी मोठी धमनी, पुस्तकात कोपराजवळ दोन भागांत फुटते, काही माणसांत मात्र ती वर काखेजवळच फुटलेली असते, मग त्यातली एखादी फांदी कोपराशी कातडीखालीच असू शकते, आणि शीर समजून तिथे इंजेक्शन दिलं तर पेशंटचा हात धोक्यात. असे फरक डिसेक्शन हॉलमध्ये पाच-सहा टेबलांवर फिरून बघितले की लक्षात राहतात. आणि स्पर्श? तू घरी बांगडा साफ करतेस ना, सुरी किती आत गेली की पित्त फुटतं ते बोटांनाच कळतं. तसंच नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, सुतळीसारखी भरीव लागते, आर्टरी रबरी नळीसारखी, व्हेन, म्हणजे शीर, चपटी. व्हीआरचा हातातला कंट्रोलर फार तर थरथरतो.

तसं व्हीआरच्या मुळाशीपण माणूसच असतो म्हणा, अमेरिकेतल्या व्हिजिबल ह्युमन प्रोजेक्टमध्ये एका मृत पुरुषाचं शरीर गोठवून १ मिलिमीटरचे थर काढत फोटो घेतले, तो डेटा १९९४ मध्ये उपलब्ध झाला.

तर कॉलेज बघायला गेलात की बाबांना विचारायला सांग, एका बॉडीवर किती मुलं असतात, आणि हेडसेट दर आठवड्याला वापरतात की पाहुणे आले की कपाटातनं काढतात. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, तिन्हीकडे आता सरकारी कॉलेजं आहेत, फीचा फरक बाबांना सांगायला नको.

बॉडी टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनने सुरुवातीला डोळे चुरचुरतात, पहिल्या दिवशी एखाद-दुसरं पोर चक्कर येऊन बसतंच, सीनियर पाणी देतात. स्कोअर आला की कळव, कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म एकत्र बसून भरू.