समाजवाद हुकूमशाही न होता चालू शकतो का?

तुम्ही विचारलंय की समाजवाद हुकूमशाहीकडे न घसरता चालू शकतो का, की रशियात झालं तेच शेवटी सगळीकडे होतं. माझं उत्तर आहे, चालू शकतो, पण एका अटीवर. ती अट नीट सांगायची तर मला आधी कापसाबद्दल बोलावं लागेल, कारण मी चोपडा तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, आणि सरकारी मालकी म्हणजे काय हे मी पहिल्यांदा कापसाच्या गाड्यावर बसून बघितलंय.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगते, शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावर घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर तर न्यायचाच नाही. हेतू चांगलाच होता. त्याआधी व्यापारी काट्यात मारायचे, कटती लावायचे, पेरणीला उचल दिलेली असायची म्हणून भाव ते म्हणतील तोच. आमचे आजोबा त्या दिवसांचं नाव काढलं तरी चिडायचे. योजना आली तेव्हा त्यांनी गाडा जुंपायच्या आधी नारळ फोडला होता असं आजी सांगायची. म्हणजे त्या पिढीला सरकार दारात आलं याचा खरोखर आनंद झाला होता, ते कोणी विसरू नये.

आता मी बघितलेलं सांगते. साल असेल १९८९ च्या आसपास, मी बारा-तेरा वर्षांची. कापूस आम्ही पोरीबायांनीच वेचलेला, बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची कातडी सोललेली असायची, रात्री भाकरी मोडताना ठेचा लागला की डोळ्यात पाणी यायचं. गाडा भरताना आम्ही पोरं आत उतरून कापूस पायाने तुडवायचो. केंद्रावर गेलो तर रांग रस्त्यापर्यंत. बैल सोडले, कडबा टाकला, कळण्याची भाकरी खाल्ली आणि तिथेच गाड्याखाली झोपलो, दुसऱ्या दिवशीही नंबर लागला नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी लागला. ग्रेडर आला, त्याने गाड्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस ओढून बोटांत चोळला आणि खालची ग्रेड सांगून पुढच्या गाड्याकडे गेला. सगळं मिळून अर्धा मिनिट. आप्पा त्याच्या मागे गेले, म्हणाले साहेब पहिल्या वेच्याचा आहे, बघा तरी नीट. तो म्हणाला, पटत नसेल तर परत ने.

परत कुठे नेणार? व्यापाऱ्याला दिला तर गुन्हा. शिरपूरच्या पुढे बिजासनी घाट चढला की सेंधवा, मध्य प्रदेश, तिथे जिनिंगवाले घ्यायला तयार होते आणि लोक रात्री न्यायचेही, पण मध्ये नाके, पकडलं तर माल जप्त. दाद मागायची तर ती त्याच केंद्राच्या वरच्या साहेबाकडे. आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आते कोनले सांगू भो?" ते मला म्हणत नव्हते, बैलांकडे बघून म्हणत होते. त्या मालाचा चेक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून गेल्यावर आला.

आता नीट बघा, तो ग्रेडर काही स्टालिन नव्हता. महाराष्ट्रात निवडणुका होत होत्या, पेपर होते, शरद जोशींची शेतकरी संघटना रस्त्यावर उतरून ह्याच झोनबंदीविरुद्ध, म्हणजे कापूस बाहेर न्यायच्या बंदीविरुद्ध, बोलत होती आणि कोणी तिला देशद्रोही म्हणून सैबेरियात पाठवत नव्हतं. पण त्या रांगेपुरती, त्या तीन दिवसांपुरती जी अवस्था होती ती मला पुढे सोव्हिएत रशियाबद्दल वाचताना जशीच्या तशी ओळखू आली. दार एकच. माल घेणारा तोच, भाव ठरवणारा तोच, आणि तक्रार ऐकणाराही तोच. आमच्याकडे हे एका पिकापुरतं होतं, तिकडे अख्ख्या आयुष्याचं होतं, नोकरी, खोली, रेशन, पोरांचं कॉलेज, छापखाना, सगळ्याची किल्ली एका पार्टीकडे. रशियन क्रांतीतला लेनिनचा साथीदार ट्रॉट्स्की, त्याने हे नंतर स्वतःच लिहिलंय, की जिथे सरकार हा एकटाच मालक असतो तिथे विरोध करणं म्हणजे हळूहळू उपाशी मरणं, आधी नियम होता काम नाही तर खायला नाही, आता झाला हुकूम मानला नाही तर खायला नाही. आणि ह्याच माणसाच्या हाताखाली १९२१ च्या मार्चमध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांचं बंड चिरडलं होतं, ज्यांची मुख्य मागणी सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या पंचायतींच्या, मोकळ्या निवडणुका ही होती. त्याच महिन्यात पार्टीच्या आत गट करण्यावरही बंदी आली. त्याच्याही आधी, जानेवारी १९१८ मध्ये, निवडून आलेली संविधान सभा एकाच बैठकीनंतर बंद करून टाकली होती, कारण बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पार्टीला, साधारण पाव मतंच पडली होती. म्हणून जे म्हणतात की स्टालिनने बिघडवलं, नाहीतर सगळं बरोबर चाललं होतं, त्यांचं मला पटत नाही. दारं बंद करणं खूप आधी सुरू झालं होतं, आणि रोझा लुक्झेंबर्गने, स्वतः पक्की क्रांतिकारक असून, १९१८ लाच हे लिहून ठेवलं होतं की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य.

पण एवढ्यावरून समाजवाद म्हणजेच हुकूमशाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, कारण मग आमच्याकडच्या सालदाराचं काय? खान्देशात आखाजीला साल ठरायचं. वर्षभराचा माणूस, उचल आधीच घेतलेली, धान्य मालकाकडून, राहायची झोपडी मालकाच्या जागेत, आजारपणाला पैसे मालकाकडून. शहादा-तळोद्याकडे भिल्ल आदिवासींची जमीन सावकारीत गेली आणि त्याच जमिनीवर ते सालदार झाले. तिथे कुठलाही समाजवाद नव्हता, खासगी मालकी होती, लोकसभेला मतदानही होत होतं, आणि तरी त्या माणसाला तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणजे एकच दार तिथेही होतंच की, फक्त आत सरकार नसून मालक बसलेला. तिथे अंबरसिंग सुरतवंतींनी लोकांना उभं केलं, १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली, मजुरी वाढवून मागितली, गेलेल्या जमिनी मागितल्या, बायांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. मी ह्याला समाजवादच म्हणते आणि त्याने त्या भागात हुकूमशाही आणली नाही, असलेली कमी केली.

आणि त्याच १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना मोठी झाली, वि. स. पागेंची कल्पना, १९७७ ला तिचा कायदा झाला. ती आणि कापूस एकाधिकार, दोन्ही एकाच काळातल्या, एकाच सरकारच्या, दोन्ही समाजवादी विचाराच्या. पण फरक बघा. एकाधिकाराने शेतकऱ्याची बाकीची दारं बंद केली. रोजगार हमीने मजुराला एक जास्तीचं दार दिलं, काम मागायचा हक्क, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. कागदावर जेवढं होतं तेवढं प्रत्यक्षात मिळालं नाही, मजुरी थकायची, हजेरीपटात खोटी नावं असायची, हे सगळं खरं. तरी पण बांधबंदिस्तीचं काम सुरू असेल त्या महिन्यात मजूर मालकाला नाही म्हणू शकायचा. आमच्या गावचे मोठे बागायतदार ह्या योजनेला शिव्या द्यायचे त्या काही भ्रष्टाचारासाठी नव्हत्या, बाया वेचणीला मागेल त्या भावात येईनाशा झाल्या म्हणून होत्या.

तर माझी अट ही आहे. समाजवादाने गरिबाच्या हातात नाही म्हणायची ताकद दिली तर तो लोकशाहीच वाढवतो, आणि सगळ्या ताकदी गोळा करून एका टेबलाच्या मागे बसवल्या तर टेबलामागचा माणूस कितीही भला असो, पाच-दहा वर्षांत तो ग्रेडर होतो.

जगात चाललंय का कुठे, तर हो. स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट १९३२ पासून जवळपास सलग ४४ वर्षं सत्तेत होते, १९७६ ला हरले, खुर्ची सोडली, नंतर परत निवडून आले. ब्रिटनमध्ये ॲटलींच्या मजूर पक्षाने १९४५ नंतर कोळसा खाणी, रेल्वे सरकारी केल्या, १९४८ ला सगळ्यांसाठी मोफत आरोग्य सेवा काढली आणि १९५१ ला हरल्यावर मुकाट्याने विरोधात बसले. तुम्ही म्हणाल हा खरा समाजवाद नव्हे, बहुतेक कारखाने खासगीच राहिले. बरोबर आहे, आणि इथे मी लपवाछपवी करणार नाही, सगळीच मालकी सरकारची आणि निवडणूकही मोकळी, अशी जोडी मला एकाही देशात टिकलेली दिसत नाही. मला तो योगायोग वाटत नाही. पण समाजवाद म्हणजे सगळंच सरकारचं अशी व्याख्या कोणी केली, तीच मुळात मला मान्य नाही.

आपल्याकडे केरळ बघा. १९५७ ला कम्युनिस्टांचे नंबुद्रीपाद निवडून आले, जमीन सुधारणा आणि शिक्षणाचे कायदे आणले, विरोधात मोठं आंदोलन झालं आणि ३१ जुलै १९५९ ला दिल्लीने त्यांचं सरकार बरखास्त केलं. तिथे कम्युनिस्टांनी लोकशाही मोडली का? त्यानंतरही ते हरले, जिंकले, परत हरले. चिलीत समाजवादी आयेंदे १९७० ला मतांनी आले, पेपर चालू, विरोधी पक्ष चालू. महागाई आणि टंचाई प्रचंड झाली हेही खरं. पण ११ सप्टेंबर १९७३ ला लोकशाही मोडली ती लष्कराने. हुकूमशाही नेहमी लाल झेंडा घेऊनच येते असं नाही.

बंगालचं मात्र दुखतं मला. तिथे डाव्या आघाडीचं सरकार होतं. १९७८ पासून बर्गादारांची, म्हणजे बटाईने कसणाऱ्या कुळांची, नोंदणी, पंचायतीच्या निवडणुका, हे माझ्या अटीत बसणारं काम होतं, कुळाच्या हातात कागद आला. आणि मग ३४ वर्षं सत्ता राहिल्यावर हळूहळू गावातल्या प्रत्येक गोष्टीला पार्टीच्या ऑफिसात जावं लागायला लागलं, परत तेच एक दार. १४ मार्च २००७ ला नंदीग्रामला पोलिस गोळीबारात १४ माणसं गेली, शेतकरीच. पण २०११ ला लोकांनी मत देऊन त्यांना खाली उतरवलं आणि ते उतरले. स्टालिनला कोणी उतरवू शकत नव्हतं. माझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि एक आपल्याच संविधानाची गोष्ट. १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहांनी संविधानात समाजवादी शब्द घालायची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. बाबासाहेब काही भांडवलशाहीचे वकील नव्हते, १९४७ लाच त्यांनी शेती आणि मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी योजना लिहून दिली होती, तीही संसदीय लोकशाही न सोडता. पण शब्दाबद्दल ते म्हणाले की समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, आज आपण बांधून टाकलं तर ती लोकशाही राहणार नाही. मग तो शब्द आला कधी? ४२ व्या घटनादुरुस्तीत, १९७६ ला, आणीबाणीत. ज्या आणीबाणीत मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे तुरुंगात गेले. जॉर्ज फर्नांडिस तर दुरुस्ती झाली तेव्हा आतच होते. शब्द उद्देशिकेत आणि समाजवादी जेलात! शब्दाने काही होत नाही, दरवाजा कोणाच्या हातात आहे ते बघायचं, हे मी त्यावरून धरलंय.

आमच्या खान्देशाला तर ह्या प्रश्नाचं घरचं नातं आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष, आणि त्यांनी तिथे समाजवादाबद्दल उघड बोलून दाखवलं. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते, नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, पुढे त्यांनी अमळनेरहून काँग्रेस नावाचं साप्ताहिक काढलं, गिरणी कामगारांत, शेतकऱ्यांत फिरले. त्यांचा समाजवाद कोणाचं तोंड बंद करणारा नव्हताच. मी शाळेत शिकवते, दरवर्षी ११ जूनला त्यांची पुण्यतिथी, नेमकी शाळा उघडायच्या सुमारास, आणि मुलांना फक्त मातृप्रेमाचे गुरुजी माहीत असतात, कामगारांचे गुरुजी कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

सहकाराबद्दल थोडं, कारण कॉमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. सहकार हा मधला चांगला मार्ग आहे असं मला वाटतं, मालकी सभासदांची, सरकारची नाही. पण सभासद यादी संचालकाच्या खिशात आणि सभा पाच मिनिटांत मंजूर मंजूर करून उरकली की तिथेही तेच होतं. माझ्या मावशीची ठेव एका पतसंस्थेत अडकली, तेव्हा ती ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेली त्याच्याच भावाला मोठं कर्ज गेलेलं होतं.

एकाधिकार योजना २००० नंतर मोडली. आता काय झालंय तर काही वर्षं व्यापारी परत काट्यात मारतात, खेडा खरेदीत हमीभावापेक्षा कितीतरी खाली मागतात, सीसीआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाचं, केंद्र उशिरा उघडतं. आजोबा असते तर परत चिडले असते. म्हणून मला सरकारी खरेदी हवीच आहे, ती बंद करा म्हणणाऱ्यांच्या मी साफ विरोधात आहे, फक्त ती एकटी नको. गेल्या हंगामात माझ्या भावाने कापूस घरातच ठेवला होता, पुढच्या खोलीत छतापर्यंत, पोरांना अंगाला खाज सुटली होती, वहिनी वैतागली होती. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते रोज सकाळी चहा झाला की आधी केंद्राचा भाव विचारायला लावतात, मग व्यापाऱ्याला फोन लावायला सांगतात, आणि दोन्ही आकडे पाटीवर खडूने शेजारी शेजारी लिहून ठेवतात.