हिस्पॅनिक, लॅटिनो आणि मधेच घुसलेला 'वंश'

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या बातम्यांत कधी हिस्पॅनिक लिहितात कधी लॅटिनो, दोन्ही एकच का, आणि मराठीत सरळ 'स्पॅनिश वंशाचे' लिहिलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. हिस्पॅनिक म्हणजे ज्याचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशात आहे तो, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतला. म्हणून माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक आहे पण लॅटिनो नाही, आणि ब्राझीलचा लॅटिनो आहे पण हिस्पॅनिक नाही, तिकडे पोर्तुगीज बोलतात ना. मेक्सिको, क्युबावाले दोन्हीत बसतात आणि अशांचीच संख्या जास्त, म्हणून बातम्यांत दोन्ही शब्द आलटूनपालटून खपतात.

'वंश' मात्र नकोच. २०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न आधी आणि वंशाचा प्रश्न त्याच्यानंतर, वेगळा. त्यामुळे डॉमिनिकन रिपब्लिकचा कृष्णवर्णीय, अर्जेंटिनाचा गोरा आणि ग्वाटेमालाचा माया आदिवासी, तिघंही हिस्पॅनिक! २०२४ मधे हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरलं, तरी त्यातही 'वंश आणि/किंवा समाजगट' असंच विचारायचं ठरलं होतं.

मग कोण हिस्पॅनिक हे ठरवतं कोण? प्यू रिसर्च सेंटर ही कुठल्याच पक्षाची बाजू न घेणारी संस्था, ते म्हणतात जो स्वतःला म्हणवतो तो, आणि मला हे पटतं. सरकारी सर्व्हेत मात्र कोणी स्वतःला ब्राझिलियन लिहिलं की त्याला नंतर हिस्पॅनिकमधून वगळतात. २०२० मधे हे वगळणं चुकून राहिलं आणि किमान ४ लाख १६ हजार ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून मोजले गेले, आदल्या वर्षी तो आकडा फक्त १४ हजार होता. म्हणजे व्याख्या काहीही सांगो, लोक स्वतःला काय समजतात ते बघा.

आणि हा समाज काही छोटा नाहीये, २००० साली साडेतीन कोटी होता तो २०२० मधे ६ कोटी २१ लाख झाला, देशाच्या जवळपास १९ टक्के, त्यामुळे निवडणूक आली की सगळ्यांच्या तोंडी हेच शब्द असतात आणि आपल्याकडच्या बातम्यांतही येत राहणार, तेव्हा नीट लिहूया. 'हिस्पॅनिक समाज' लिहा, ब्राझीलवाले धरायचे असतील तर 'लॅटिनो समाज', बाईबद्दल असेल तर लॅटिना. लॅटिनेक्स हा बाई-पुरुष भेद न करणारा नवा शब्दही दिसेल, पण प्यूच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे त्या समाजातले फक्त ४ टक्के लोक तो स्वतःसाठी वापरतात, त्यामुळे कोणी स्वतः तसं म्हणवत असेल तरच वापरा.