गुहेपुढची लढाई: इनोनूबद्दल वाचकांचे प्रश्न

तुर्की सेनापती इस्मेत इनोनू यांचं आडनाव खरंच एका लढाईवरून पडलं का?

होय, आणि एका नव्हे, १९२१ मध्ये ग्रीकांशी इनोनूला झालेल्या दोन लढायांवरून. १९३४ च्या कायद्याने तुर्कांना आडनाव लावणं सक्तीचं झालं, तेव्हा त्यांना हे मिळालं. इनोनू हे एस्किशेहिरच्या पश्चिमेचं छोटंसं गाव. ‘इन’ म्हणजे गुहा, ‘ओनू’ म्हणजे पुढ्यात. थोडक्यात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस आपल्या भाषेत ‘गुहेपुढचे’!

एवढ्याशा गावासाठी दोनदा रक्त सांडायचं कारण काय?

रेल्वे. इस्तंबूलहून येणारा लोहमार्ग एस्किशेहिरला फुटतो. एक फाटा अंकाराला, दुसरा कोन्याकडे. १९१९ च्या मेमध्ये इझमीरला उतरलेले ग्रीक वर्ष-सव्वा वर्षात बुर्सापर्यंत पोचले होते. तिथून एस्किशेहिरला जायचं तर वाटेत इनोनू.

ग्रीक म्हणतात, ती लढाई म्हणजे नुसती चाचपणी होती. मग खरं कोणाचं?

जानेवारी १९२१ च्या पहिल्या लढाईपुरतं ग्रीकांचं म्हणणं मला पटतं. ते आले, भिडले आणि बुर्साला परतले. पण इस्मेतना त्याच सुमारास चेर्केस एथेम या तुर्की बाजूच्याच टोळीनायकाचं बंडही निस्तरायचं होतं, त्यात ते टिकले. लगेच फेब्रुवारीत लंडन परिषदेत मुस्तफा केमाल यांच्या अंकारातल्या सरकारच्या प्रतिनिधींना जागा मिळाली.

मार्चमधल्या दुसऱ्या लढाईला मात्र चाचपणी म्हणता येणार नाही. ती आठवडाभराहून जास्त चालली. १ एप्रिलला इस्मेतनी तार धाडली, तिचा आशय असा: संध्याकाळी साडेसहाला मेट्रिसतेपे टेकडीवरून दिसतंय ते हे, बोझ्युयुक जळतंय, शत्रूने आपल्या हजारो मृतांनी भरलेलं रणांगण सोडलंय. जळतं गाव तुर्कांच्याच मुलखातलं होतं, हे विजयाच्या गडबडीत विसरलं जातं. आणि जुलैत ग्रीक परत आले, तेव्हा एस्किशेहिरही गेलं. त्यांची आगेकूच थांबली ती सप्टेंबरात, साकार्या नदीवर.

खिलाफत चळवळीत आपल्याकडून तुर्कांना पैसे गेले म्हणतात. त्यांचं काय झालं?

गेले, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. खिलाफत समितीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी मुंबईचेच व्यापारी. त्या निधीतला काही भाग केमाल यांच्याकडे उरला होता. तो १९२४ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या नव्या इश बँकेच्या भांडवलात गेला. ज्या खलिफासाठी ही चळवळ होती, त्याचं पद त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये रद्द केलं होतं.