वाचक विचारतात : खिंडसीच्या काठावरचा गोल्फ कोर्स

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका गोल्फ गेमच्या कोर्स एडिटरमध्ये रामटेक-खिंडसी तलाव परिसरातला १८ होलचा (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) काल्पनिक कोर्स बनवतोय. गड आहे, तलाव आहे, संत्र्याच्या बागा आहेत. मित्र ‘भारी दिसतो’ म्हणतात आणि तिसऱ्या-चौथ्या होलनंतर सोडून देतात. काय कमी आहे? सगळ्या होल्सचे स्क्रीनशॉट सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : स्क्रीनशॉट नीट पाहिले. गडाचा उतार आणि त्यावरचं संध्याकाळचं ऊन तू मन लावून केलं आहेस. पण कुठल्याही टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं तरी काम एकच, समोर सरळ मारायचं. दोन्ही बाजूंना झाडांची भिंत, मधे अरुंद पट्टा, शेवटी गोल ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. खेळणाऱ्याला ठरवायला काही उरत नाही. मित्र कंटाळतात ते यामुळे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा १७वा होल बघ, ‘रोड होल’. उजव्या हाताला हॉटेलची हद्द, तिकडे चेंडू गेला की दंड. मग सगळेच डावीकडे सुरक्षित का मारत नाहीत? कारण ग्रीन तिरकं बसवलेलं आहे आणि त्याच्या डाव्या बाजूला एक खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पुढे आलेला आहे. डावीकडून येणाऱ्याला तो बंकर आडवा येतो, आणि जरा जोर जास्त झाला की चेंडू ग्रीनमागच्या रस्त्यावर. उजवीकडून, म्हणजे धोक्याला चिकटून आलेल्याला, वाट मोकळी मिळते. म्हणजे पहिला फटका कुठे मारायचा हे दुसऱ्या फटक्यावरून ठरतं. तुझ्या प्रत्येक होलवर हे हवं. त्यासाठी आधी फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, रुंद कर, ४० यार्ड तरी ठेव. रुंदी असली तरच डावं-उजवं निवडता येतं.

आता तुझा सातवा होल घेऊ. तलाव डाव्या हाताला आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिकामध्ये १४व्या होलवर पाण्याभोवती वळणारा असा होल बांधला. त्या प्रकाराला ‘केप’ म्हणतात आणि जगभर त्याच्या आवृत्त्या झाल्या. टी काठावर ठेव आणि फेअरवे पाण्यापलीकडे तिरका टाक. उजवीकडे मारलं तर पाणी १६० यार्डांत पार व्हावं, मधोमध २०० लागावेत आणि डावीकडे घुसायचं तर २३५. होलची लांबी ३७० धर. डावीकडून गेलेल्याला पुढे सव्वाशेच्या आसपास उरेल, उजवीकडच्याला दोनशेच्या घरात. ग्रीनचं तोंड तलावाच्या बाजूला फिरव आणि बंकर उजव्या ओठावर खण. काहीही न लिहिता खेळणाऱ्याला कळेल की इथे ठरवावं लागणार आहे.

आणि इथे तुझ्या हातात अशी एक गोष्ट आहे जी स्कॉटलंडकडे नाही. खिंडसी वर्षभर सारखा नसतो. पावसाळा संपताना तुडुंब, आणि मे महिन्यात पाणी मागे सरकून काठाला भेगाळलेला गाळ उघडा. तू मात्र एकच निळा पत्रा टाकला आहेस. हाच होल ऑक्टोबरचा आणि मेचा असा दोनदा बनव. पाण्याच्या धोक्याची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्या भरल्या तलावाच्या रेषेवरच राहू दे. गोल्फच्या नियमांप्रमाणे खुंट्यांच्या आतला चेंडू आहे तिथून, दंड न घेता खेळता येतो, आणि २०१९ पासून तिथे क्लब (फटका मारायची काठी) जमिनीला टेकवायलाही हरकत नाही. म्हणजे मे महिन्यात डावीकडे फसलेला चेंडू बुडणार नाही, टणक गाळावर उसळून कुठेतरी भेगेशी थांबेल. ऑक्टोबरमध्ये उजवीकडे मारणारा मुलगा मेमध्ये डावीकडे बघायला लागेल. जमीन तीच, होल दुसरा. हे तू करावंस असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या होल्सवरची तळी मात्र काढून टाक. तिथे प्रत्यक्षात काय आहे ते वापर. रामटेककडे धानाच्या बांध्या (शेतं) आहेत, त्यांचे धुरे (बांध) आहेत. फूट-दीड फुटाचे हे धुरे फेअरवेत तिरके सोडले तर चेंडू कुठे थांबेल हे तेच ठरवतील. मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत, तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यांतून एखादा उंचसखल होल काढता येईल. फ्लोरिडातलं स्ट्रीमसाँग जुन्या फॉस्फेट खाणीच्या जमिनीवरच उभं राहिलं आहे, २०१२ मध्ये सुरू झालं.

संत्र्यांबद्दल. बागांचा मुख्य पट्टा काटोल-नरखेडचा, तरी काल्पनिक कोर्सवर एक बाग चालेल. पण तू झाडं ब्रशने भुरभुरवली आहेस. बागेत लागवड ओळीत असते, साधारण ६ बाय ६ मीटरवर. तशीच लाव, आणि ओळींची दिशा ग्रीनकडे ठेव. मग बागेत गेलेला चेंडू दोन ओळींच्या मधे असेल तर ग्रीनपर्यंत सरळ बोळ दिसेल, आणि दोन पावलं बाजूला असेल तर समोर नुसती पानं. खाली वाकलेल्या फांद्यांमुळे फटकाही बुटका ठेवावा लागेल. साध्या झाडांच्या भिंतीत असलं काही मिळत नाही.

उंचीसाठी तू इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेमचा, म्हणजे उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या नकाशाचा, डेटा घेतलास ते उत्तम केलंस, गड त्यामुळेच खरा वाटतो. पण त्यात दर ३० मीटरला एक उंची असते. ग्रीन साधारण ५,००० ते ६,००० चौरस फुटांचं, म्हणजे २५ मीटर व्यासाच्या आसपास. अख्खं ग्रीन त्या एका चौकोनात बसतं. म्हणून तुझी सगळी ग्रीन्स एकाच बाजूला कललेल्या फळीसारखी झाली आहेत. ती हातानेच घडवावी लागतील. पिनच्या, म्हणजे भोकातल्या झेंड्याच्या, आसपास २ ते ३ टक्के उतार पुरे, त्याच्या पुढे गेलास तर चेंडू थांबत नाही आणि खेळणारा चिडतो. कडेला मात्र हवा तेवढा उंचवटा दे.

अठराचं सध्या विसर. तलावाचा, खाणीचा आणि बागेचा, हे तीन होल पुरे कर आणि मित्रांना खेळू दे. शेजारी बस, पण बोलू नकोस. टीवर उभं राहून त्यांनी कॅमेरा डावीकडे-उजवीकडे फिरवला की समज, होल जमला.

प्रश्न : मॅडम, नातवाबरोबर त्याच्या संगणकावर गोल्फ खेळतो. त्याने विदर्भातलं मैदान म्हणून एक केलं आहे, पण भर मे महिन्यात ते हिरवंगार! हे खरं वाटत नाही. की मीच जुन्या काळातला?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काका, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त त्यात एक गंमत आहे. उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर जे बर्म्युडा गवत लावतात ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, किंवा तिचे संकर. हरळीला ऊन मानवतं. पाणी मिळालं तर ती मेमध्ये जोमात असते आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मंदावून फिकी पडते. म्हणून नातवाला सांगा, स्प्रिंकलरचं पाणी पोचतं तेवढाच पट्टा हिरवा ठेव, रफ, म्हणजे बाजूचं वाढलेलं गवत, वाळक्या गवताच्या रंगाचं कर, आणि हिवाळ्यात फेअरवेचा हिरवा थोडा उतरव.

पाण्याची सोयच नाही असं मैदान करायचं असेल तर ग्रीनच्या जागी ‘ब्राउन’ करा. आपल्या देशात कोरड्या भागातल्या कोर्सवर ते असत. वाळूत तेल मिसळून सपाट केलेली गोल जागा, पावलांचे ठसे ओढून पुसायचे आणि मग पट करायचा, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे घरंगळवायचा. एक बारीक गोष्टही बघा. नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि झाडांची सावली बुंध्याशी गोळा होते. गेममध्ये बहुतेक वेळा लांब सावल्या तशाच राहतात, कारण अक्षांश कोणी बदलतच नाही. तो २१ करायला लावा.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीने केलेल्या कोर्सवर जंगल टाकलं की आमचा जुना संगणक अडकतो. नवीन घ्यावा का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : इतक्यात नको. तिला टीवर आणि ग्रीनवर उभं राहून बघायला सांगा, जी झाडं दोन्हीकडून दिसत नाहीत ती काढून टाका. क्षितिजावरच्या झाडांसाठी सपाट चित्राचं झाड वापरायचं, एडिटरमध्ये तसा पर्याय बहुधा असतो. पूर्ण घडवलेला साग किंवा मोह फक्त तिथेच ठेवायचा जिथे चेंडू त्याच्या खाली जाऊ शकतो. एवढं करूनही अडकलाच तर गवताची दाटी अर्ध्यावर आणा.